तरंगतं विमान दुसऱ्याच्या हाती द्यावं का?

तळ्याकाठचा
सिएटलजवळ लेक वॉशिंग्टनच्या काठी माझं जुनं सेस्ना १७२ बांधलेलं असतं. चाकं नाहीत, नुसते फ्लोट, म्हणजे तरंगायला खाली दोन लांबट पोकळ पेट्या. उडायचं पाण्यावरून, उतरायचंही पाण्यावरच. वर्षाला जेमतेम ४० तास उडतं. धक्क्याचं भाडं, विमा, वार्षिक तपासणी हे मात्र मी उडलो काय, न उडलो काय, चुकत नाही.

इथे सीप्लेनचं रेटिंग, म्हणजे पाण्यावरचं विमान चालवायची जादा परवानगी, घेतलेले पायलट पुष्कळ. आधीचा परवाना असला की दोन-तीन दिवसांत होतं, लेखी परीक्षाही नसते. पण पुढे एकट्याला चालवायला सीप्लेन भाड्यानं देणारा शोधूनही सापडत नाही. अशा तिघांनी मला विचारलंय. माझं मत, द्यावं. इंजिन पडून राहिलं की आतून गंजतं आणि माझा खर्च काही थांबत नाही. बायको म्हणते, "स्कूटर तरी कुणाला देतोस का?"

खडूस_काका
वहिनींचं ऐका.

मी एक सुपर कब, फ्लोटवालंच छोटं विमान, दोघांत वापरलंय. चाकाचं विमान कुणी आपटलं तर दिसतं, फ्लोटचा तळ पाण्यात. उड्डाणाआधी प्रत्येक कप्प्यातलं पाणी काढावं लागतं: रबरी बूच उपटायचं, हातपंपाची नळी खुपसायची, हापसायचं. थोडंफार पाणी निघतंच. आमच्या उजव्या फ्लोटच्या दुसऱ्या कप्प्यात चार-पाचदा हापसलं की नुसती हवा फसफसायची. एका शनिवारी ३५ वेळा हापसलं तरी पाणी येतंय! विमान काठावर ओढलं तर तळाला बोटभर चीर. बहुतेक तरंगता ओंडका. भागीदाराला फोन केला तर म्हणे, "मला काही जाणवलं नाही बुवा." नसेलही जाणवलं. पण नंतर आमचं बोलणं बिलांपुरतंच उरलं.

हवाबदल
काका, एका चिरेनं विमान बुडत नाही. प्रत्येक फ्लोटला निदान चार पाणबंद कप्पे लागतात आणि दोन्ही फ्लोट मिळून विमानाच्या कमाल वजनाच्या १८० टक्के भार पेलतील एवढे असावे लागतात. तुमचं भांडण चिरेचं नव्हतंच, न सांगण्याचं होतं.

आम्ही चौघं एक विमान वापरतो. धक्क्यावरच्या पेटीत वही असते. कोणत्या कप्प्यात किती हापसे, कुठे उतरलो, खाऱ्या पाण्यात उतरलो असलो तर नंतर गोड्या पाण्यानं धुतलं का. आणि एकच कलम: सांगितलंत तर खर्च चौघांचा, लपवलंत तर तुमचा एकट्याचा. पहिल्याच वर्षी मी वॉटर रडर (पाण्यात वळायचं सुकाणू) खाली ठेवूनच उड्डाणाची धाव घेतली आणि एक केबल ताणली. वहीत लिहिलं. कुणी हूं की चूं केलं नाही.

विहीरवाला
विमानातलं मला ओ की ठो कळत नाही, पण साताऱ्याकडे आमची सामाईक विहीर आहे, सात खातेदार. मोटार जळली की पहिला प्रश्न, पाळी कुणाची होती? उत्तर ठरलेलं: "मी बंद केली तेव्हा चालू होती." वही आमच्याकडेही होती. ती मोटारीच्या आधी गेली.

कलमबहाद्दर
खरी मेख विम्यात आहे. पॉलिसी फक्त तुमच्या नावावर असेल तर मित्रानं विमान आपटल्यावर कंपनी तुम्हाला भरपाई देईल आणि मग त्याच पैशांसाठी मित्रावर दावा लावू शकेल. मित्र तुमचा, वकील कंपनीचा! 'मंजूर पायलट' म्हणून यादीत नाव असणं पुरत नाही. त्यांना विमाधारक म्हणून घ्या, नाहीतर वसुलीचा हक्क सोडल्याचं कंपनीकडून लेखी घ्या. आणि तिघांचे फ्लोटवरचे तास आधी मोजा. दोन दिवसांचं रेटिंग म्हणजे सात-आठ तास, तेवढ्यावर विमा कंपनी बहुधा नाक मुरडते.

नवा_गडी
त्यापेक्षा अँफिबियन घ्या की! चाकंही, फ्लोटही. धावपट्टीवर ठेवता येईल, तळ पण दिसेल.

खडूस_काका
अँफिबियन आणि चार माणसं? चाकं खाली ठेवून पाण्यावर उतरलं की विमान नाकावर उलटतं. सकाळी एकजण धावपट्टीवरून नेणार, दुपारी दुसरा तळ्यावर उतरणार. नको रे बाबा.

शिवसागर
आमच्या कोयनेच्या पाण्यावर कधी येणार असं काही? साबरमती ते केवडिया सीप्लेन ३१ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं होतं, पुढच्या वर्षी गुंडाळलं. तुमची भांडणंसुद्धा श्रीमंतीची वाटतात.

हवाबदल
@शिवसागर, चौघांत वाटलं म्हणूनच परवडतं हो. मी शाळेत शिकवते.

काका, एक मान्य. सगळ्यांचा हात सारखा नसतो. वारा पडून पाणी आरशासारखं झालं की उंची कळत नाही. तेव्हा नजरेवर विसंबायचं नाही. मिनिटाला दीडशे फुटांच्या आसपास उतार धरायचा आणि टेकेपर्यंत नाक तसंच ठेवायचं. धीर नसलेला माणूस इथे मध्येच नाक उचलायला दांडी ओढतो. आम्ही एकाला ह्याच कारणासाठी नाही म्हटलं. उडायचा उत्तम, पण थांबायची सवय नाही.

तळ्याकाठचा
सगळं वाचलं. भाड्यानं द्यायचा विचार सोडला. भाडेकरू किल्ली परत देऊन मोकळा होतो. द्यायचंच तर मालकीचा हिस्सा, म्हणजे चिरेत त्याचेही पैसे. तिघांतला एकच घेतोय, पहिले दहा तास मी शेजारी बसणार. कलमबहाद्दर, विमा एजंटला उद्या फोन करतो.

खडूस_काका
आणि दहा तासांनंतर?

तळ्याकाठचा
वही आणलीय, काका. आजचे आकडे लिहून टाकले. डावा फ्लोट, तिसरा कप्पा, सहा हापसे.

विहीरवाला
रोज पानाचा फोटो काढून ठेवत जा.