चंद्राची माती ५० अंश की ८२? छापलेल्या आकड्यावर किती विसंबायचं?

खडूवाले सर (पलूस)
ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला आणि चारच दिवसांत इस्रोने 'चॅस्टे'चा, म्हणजे मातीत नळी खुपसून तापमान मोजणाऱ्या त्याच्यावरच्या यंत्राचा, आलेख दिला. पृष्ठभागाजवळ ५० अंशांच्या आसपास, आठ सेंटीमीटर खाली उणे १०. मी तो नववीच्या फळ्यावर काढला होता, पोरांनी वहीत उतरवून घेतला. मार्च २०२५ मध्ये शोधनिबंध आला, त्यात कमाल तापमान ८२! यंत्र तेच, जागा तीच. आता पोरांना काय सांगू? इथली एखादी लॅब चुकली तर दुसरी लॅब पकडते. तिथं मोजणारे तेच, छापणारेही तेच, आणि ती जागा पुन्हा मोजायला कोण जाणार? अवकाशातले आकडे आपण जरा भाविकपणेच वाचतो, असं माझं मत.

मिरजेची ताई
सर, त्या आलेखासोबत इस्रोनेच 'पहिली निरीक्षणं' असं म्हटलं होतं. २३ तारखेला यान उतरलं तेव्हा तिथं नुकतंच उजाडलं होतं, आणि तिथला दिवस आपल्या १४ दिवसांएवढा. म्हणजे तुम्ही सकाळचा पारा फळ्यावर काढलात आणि निबंध भर दुपारचा सांगतोय. मिरज स्टेशनवर मे महिन्यात सकाळी आठला बाकावर बसा, मग दोनला बसून बघा.

खडूवाले सर
सकाळ-दुपार मान्य. पण दुपारी एवढं तापेल असा अंदाज त्यांचाही नव्हता. आकडा जास्त आला, मग 'जागा उतारावर होती' हे कारण पुढे आलं. आधी निकाल, मग कारण, हेच मला खटकतं.

हळद-वरंबा (कडेगाव)
सर, कारण नंतर सुचलं म्हणून खोटं होत नाही. आमच्या हळदीच्या वरंब्यात मातीचा थर्मामीटर खुपसून बघा. दक्षिणेकडची कूस आणि उत्तरेकडची कूस, मध्ये हातभर अंतर, पारा वेगळा. थंडीत तर जास्तच. दक्षिणेची कूस आधी वाळते हे शाळेत न गेलेला माणूसही सांगेल.

आणि हिशेब कागदावर होतो. जागा ६९ अंश दक्षिणेला, म्हणजे दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर. जमीन सूर्याकडे ६ अंश कललेली, म्हणजे उन्हाचा कोन २७. दोन्हींच्या साईनचा भागाकार १.२७, इतके पट ऊन जादा. तापमान त्याच्या चतुर्थमुळाने वाढतं, म्हणजे १.०६ पट. मीटरभरावरच्या सपाट जमिनीचे ३३२ केल्विन, म्हणजे ५९ अंश, निबंधातच आहेत. गुणा. ३५२ येतात. छापलेत ३५५, म्हणजे तेच ८२ अंश. अजून काय पाहिजे?

खडूवाले सर
हे झकास! उद्या फळ्यावर घेतो. (लॉग टेबल कपाटातून काढायला निमित्त मिळालं.) पण बघा, ३५५ च्या पुढं अधिक-उणे अर्धा छापलाय. तो सेन्सरचा नेमकेपणा. जागेचं काय? मीटरभरात २३ अंशांचा फरक, आणि मथळे 'दक्षिण ध्रुवाजवळ ८२ अंश'. ध्रुव ९० ला, यान ६९ ला!

मिरजेची ताई
मथळ्यांचं खापर निबंधावर फोडू नका. अमेरिकेचा अंतराळवीर स्कॉट केली ३४० दिवस अवकाशात राहून आला, तेव्हा 'त्याचा ७ टक्के डीएनए बदलला' अशी बोंब झाली. बदललं होतं ते जनुकांचं कामकाज. शिवाय चॅस्टेचा डेटा २३ ऑगस्ट २०२४ लाच इस्रोच्या 'प्रदान' या डेटा पोर्टलवर खुला झालाय, निबंधाच्या सहा महिन्यांहून जास्त आधी. चूक शोधायला कुणाला बंदी नव्हती.

खडूवाले सर
दार उघडं होतं म्हणजे कुणी आत गेलं, असं नाही ना ताई? चांद्रयान-१ ला पाण्याची खूण दिसली, तेव्हा कॅसिनी आणि डीप इम्पॅक्ट या दुसऱ्या यानांच्या नोंदींतही ती सापडली. तसं असलं की मी मुकाट्याने मानतो.

हळद-वरंबा
मग तोवर फळा कोरा ठेवणार?

खडूवाले सर
नाही. ५० च्या शेजारी तारीख लिहीन, ८२ च्या शेजारी 'उतार'. पण 'झालं सिद्ध' म्हणायला जीभ रेटत नाही. दुसऱ्या कुणीतरी तिथं नळी खुपसू दे.