पेटी वाजवत गातो, घरी रेकॉर्डिंगसाठी कोणता माइक घेऊ?

काळीदोन: मंडळी, सल्ला हवाय. परळला रस्त्यालगत वन रूम किचनमध्ये राहतो. अभंग, नाट्यगीतं गातो, पेटी स्वतःच वाजवतो. मोबाइलवर रेकॉर्ड केलं की पेटी गळ्यावर चढते, खालचे हॉर्नही येतात. लॅपटॉप आहे. वीस हजारांत बसवायचंय. दुकानदार म्हणाला, स्टुडिओसारखा कंडेन्सरच घ्या.

शिवरंजनी: कंडेन्सर बारकावे सुंदर टिपतो, पण तुमची खोली आणि रस्ताही टिपेल. तुम्ही डायनॅमिक प्रकारचा माइक घ्या. त्यातही जादू नाही, फक्त तोंडापासून चार बोटांवर ठेवून गाता येतं, म्हणून बाकीचं मागे पडतं. त्याला फँटम पॉवरही (कंडेन्सरला तारेतून द्यावी लागणारी वीज) लागत नाही. शुअरचा एसएम ५८ १९६६ पासून निघतोय, आजही स्टेजवर दिसतो. बजेट ताणलं जात असेल तर बेरिंजरचा एक्सएम ८५०० बघा.

इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी) मात्र दोन माइकचाच हवा, एक गळ्याला, एक पेटीला. स्कार्लेट सोलोत माइकचं इनपुट एकच असतं, तुम्हाला पुरणार नाही. बेरिंजरच्या यूएमसी २०२एचडीमध्ये दोन आहेत. धोबीतलावला फुर्टाडोजमध्ये चक्कर मारा आणि शक्यतो स्वतः गाऊन बघून घ्या.

काळीदोन: पेटीला वेगळा माइक? मग गळ्याच्या माइकमध्ये पेटी येणार नाही का?

शिवरंजनी: थोडी येणारच. पण हे माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतात, त्याचा फायदा घ्या. गळ्याचा माइक हनुवटीच्या उंचीवर, तोंडाकडे किंचित वर वळवून ठेवा म्हणजे त्याची पाठ पेटीकडे होते. पेटीचा वीतभर वरून, खाली तोंड करून. भात्यासमोर नको, हवेचा आवाज येतो. तानपुरा आणि तबल्याचं अ‍ॅप फक्त हेडफोनमध्ये, तेही कान पूर्ण झाकणाऱ्या.

गिरगावकर७: यात एक भर. गोधडी माइकमागे टांगतात लोक, ती गाणाऱ्याच्या पाठीमागे हवी. माइकचं तोंड त्या भिंतीकडे असतं, तिथून परतणारा आवाज तो घेतो. पंखा बंद. गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) लावताना मुखडा गुणगुणू नका, सगळ्यात जोरकस तार सप्तकातली जागा घ्या आणि सॉफ्टवेअरमधला आवाजाचा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. रेकॉर्डिंग २४ बिटवर (आवाज बारकाईने नोंदवणारी सेटिंग) ठेवलंत की आवाज नंतर वाढवता येतो. फाटलेला सूर मात्र परत मिळत नाही.

स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा आला तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबा आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर दोनदा ऐकू येईल. सुरुवातीला रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घ्या, ६० दिवस वापरून बघता येतं.

शिवरंजनी: आणि इफेक्ट्सना लगेच हात लावू नका. अभंगाची एकच ओळ माइक थोडा थोडा हलवत पुन्हा पुन्हा घ्या, दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी ऐका. फार जवळ गेलात तर खर्ज फुगतो, लांब गेलात तर खोली येते. तुमच्या गळ्याची जागा या दोन्हींच्या मध्ये सापडेल, तिथे स्टँडवर चिकटपट्टीने खूण करा.

काळीदोन: दोघांचेही आभार. शनिवारी धोबीतलावला जातोय, पेटीच्या माइकसाठीही डायनॅमिकच ना?

शिवरंजनी: हो, तसलाच दुसरा चालेल. स्टँड दोन लागतील, पेटीसाठीचा आडव्या दांड्याचा घ्या.