हस्तलिखित सहा दिवसांत स्वीकारले, पण निम्मा खर्च लेखिकेने करायचा: सही करावी का?

प्रश्न (नवलेखिका)

चार वर्षे खपून लिहिलेली माझी पहिली कादंबरी मी गेल्या महिन्यात एका प्रकाशनसंस्थेकडे पाठवली. नाव मुद्दाम देत नाही. सहाव्या दिवशी स्वीकृतीचे पत्र आले. संपादक मंडळाने कादंबरी एकमताने निवडली असून तिची शैली ‘ओघवती व हृदयस्पर्शी’ आहे, असे त्यात म्हटले होते. पहिल्यांदा वाचताना डोळे भरून आले. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की कादंबरीतील एकाही पात्राचा किंवा प्रसंगाचा उल्लेख त्या पत्रात नाही.

सोबतच्या करारानुसार निर्मितीचा खर्च दोघांनी निम्मा निम्मा उचलायचा आहे, 200 प्रती मी स्वतः विकत घ्यायच्या आहेत आणि सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील हक्क कॉपीराइटची मुदत संपेपर्यंत संस्थेकडे राहणार आहेत. त्याबदल्यात निव्वळ उत्पन्नाच्या 50% रॉयल्टी, आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक आणि ‘कॉपीराइट संरक्षण’ मिळेल. दहा दिवसांत सही केली नाही, तर यादीतील माझी जागा दुसऱ्या लेखकाला दिली जाईल. नव्या लेखकाच्या बाबतीत ही रीतच असते का, की मी फसते आहे?

उत्तर 1 (मुद्रितशोधक)

अशाच एका संस्थेत मी तीन वर्षे प्रुफे तपासली, म्हणून आतली बाजू सांगतो. स्वीकृतीच्या पत्राचा एकच नमुना संगणकात ठेवलेला असे आणि त्यात शीर्षक व लेखकाचे नाव तेवढे बदलले जाई. एकदा शीर्षक बदलायचे राहून गेले आणि एका कवयित्रीला तिच्या ‘थरारक रहस्यकथे’बद्दल अभिनंदनाचे पत्र गेले. तिने ती टंकनातली चूक समजून आभार मानले. संपादक मंडळ म्हणून जे सांगितले जाई, ती वस्तुतः एकच व्यक्ती होती आणि तिचे काम लेखकांना फोन करून पैशांचा हप्ता ठरवणे हे होते.

माझ्याकडे एका पुस्तकासाठी एक दिवस असे. एवढ्या वेळात ऱ्हस्व-दीर्घ पाहून होतात, पुस्तक वाचून होत नाही. एका कादंबरीत नवव्या प्रकरणात नायिकेच्या आईचे निधन होते आणि चौदाव्या प्रकरणात तीच आई दार उघडते. मी ते दाखवले, तेव्हा ‘लेखकाने विचारले तर बघू’ असे उत्तर मिळाले. लेखकाने विचारले नाही आणि पुस्तक तसेच छापले गेले.

खर्चाच्या ‘निम्म्या’ वाट्याबद्दल तर बोलायलाच नको. लेखकाकडून निम्मा म्हणून घेतलेल्या रकमेत छपाई, बांधणी, मुखपृष्ठ आणि माझा पगार हे सगळे भागून वर नफा उरत असे. संस्थेचा ‘वाटा’ फक्त कागदावर होता. लेखकाच्या पैशातच नफा झाल्यावर पुस्तक दुकानात जावे, त्याची परीक्षणे यावीत, ते खपावे, यात संस्थेला कसलाच रस उरत नाही, आणि माझ्या मते खरा घात इथेच होतो.

निवड किती कसून होते, याचा एक गाजलेला पुरावा आहे. पब्लिशअमेरिका ही अमेरिकेतील प्रकाशनसंस्था आपण हस्तलिखिते पारखून घेतो असे सांगत असे. लेखकाकडून आधी पैसे न घेता नंतर त्यालाच प्रती विकायच्या, अशी तिची पद्धत असल्याची टीका होत होती. विज्ञानकथा व अद्भुतकथा लिहिणाऱ्या काही अमेरिकी लेखकांनी मिळून ‘अटलांटा नाइट्स’ नावाची कादंबरी जाणूनबुजून शक्य तितकी वाईट लिहिली. तिच्यात एक प्रकरण गायब होते, एक प्रकरण शब्दशः दोनदा आले होते आणि एक तर संगणकाकडून जुळवून घेतलेले निरर्थक वाक्यांचे कडबोळे होते. डिसेंबर 2004 मध्ये त्या हस्तलिखिताला स्वीकृतीचे पत्र मिळाले. जानेवारी 2005 मध्ये लेखकांनी हा प्रकार उघड केला, तेव्हा कुठे स्वीकृती मागे घेण्यात आली.

उत्तर 2 (कलमवाचक)

लेखकांचे करार वाचून देणे हे माझे काम आहे, त्यामुळे मी फक्त कागदाबद्दल बोलते.

50% हा आकडा मोठा वाटतो, पण तो कशाचे 50% आहे ते पाहा. छापील किंमत 100 धरू. वितरक आणि विक्रेता यांचे 50 गेले, छपाई-बांधणीचे 30 गेले, ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून 10 गेले. उरलेल्या 10 चे निम्मे म्हणजे तुमच्या हाती 5. छापील किमतीवर साधी 10% रॉयल्टी असती, तर 10 मिळाले असते. शिवाय ‘निव्वळ उत्पन्न’ या शब्दांची व्याख्या करारात नसेल, तर त्या वजाबाकीत उद्या आणखी काय येईल याला धरबंध नाही. लेखकाने स्वतः घेतलेल्या प्रतींवर रॉयल्टी नाही, असे एक कलम बहुधा शेवटच्या पानांवर असते, ते शोधा. ज्या पुस्तकाचा मुख्य खप म्हणजे तुम्ही घेतलेल्या 200 प्रती, त्याची रॉयल्टी त्या कलमामुळे जवळजवळ शून्यावर येते.

त्याहून मोठी गोष्ट हक्कांची आहे. पूर्वी ‘आवृत्ती संपल्यावर पुनर्मुद्रण झाले नाही, तर हक्क लेखकाकडे परत’ एवढे कलम पुरत असे. आता मागणीनुसार एकेक प्रत छापता येते, म्हणजे फाइल संगणकात पडून असली की आवृत्ती कधी संपतच नाही आणि वर्षाला दोन प्रती खपणारे पुस्तकही ‘उपलब्ध’ ठरते. म्हणून सलग दोन हिशेबी वर्षांत ठरावीक संख्येपेक्षा कमी प्रती खपल्या तर हक्क परत येतील, असे आकड्यासह लिहून मागा. भाषांतर, ध्वनिपुस्तक आणि चित्रपट यांचे हक्क जी संस्था स्वतः वापरणार नाही, तिने ते मागावेतच कशाला?

‘कॉपीराइट संरक्षण’ ही तर तुमचीच वस्तू तुम्हाला विकण्याची तऱ्हा आहे. 1886 साली झालेल्या आणि पुढे सुधारत गेलेल्या बर्न करारातील, म्हणजे कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातील, देशांमध्ये लिखाण झाल्याबरोबर कॉपीराइट लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणीची अट नसते. आयएसबीएन हा 2007 पासून 13 अंकी असलेला, पुस्तक ओळखण्यापुरता क्रमांक आहे. त्यावरून मालकीही सिद्ध होत नाही आणि दर्जाही कळत नाही.

उत्तर 3 (स्वखर्ची)

वरील दोघांशी मी सहमत आहे, पण पैसे भरून पुस्तक काढणारा प्रत्येक जण फसलेला असतो, असा सूर निघू नये. माझी दोन पुस्तके मी माझ्या खर्चाने काढली आहेत. संपादन, मांडणी, मुखपृष्ठ आणि छपाई यांची वेगवेगळी दरपत्रके घेतली, हक्क माझ्याकडे ठेवले, प्रती माझ्या मालकीच्या राहिल्या आणि पुस्तक ‘निवडले गेले’ असे मला कोणी सांगितले नाही.

अशा संस्था फ्रेंच कादंबरीकार प्रूस्तचे उदाहरण हटकून देतात. त्याच्या महाकादंबरीचा पहिला खंड 1913 मध्ये त्याच्याच खर्चाने निघाला, हे खरेच आहे. मला मात्र इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टेनचा हिशेब अधिक बोलका वाटतो. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ 1811 मध्ये निघाली तेव्हा नुकसानीची जोखीम तिने स्वतः घेतली आणि कॉपीराइट स्वतःकडे ठेवला. पहिली आवृत्ती संपली तेव्हा तिला 140 पौंड नफा झाला. त्यानंतरच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा कॉपीराइट तिने त्याच प्रकाशकाला 110 पौंडांना एकरकमी विकला. ते पुस्तक चांगले खपले, पण पुढच्या आवृत्त्यांचे उत्पन्न प्रकाशकाकडे गेले. पहिल्या व्यवहारात जोखमीबरोबर हक्कही तिचे होते, दुसऱ्यात हक्क गेले पण जोखीमही गेली. तुम्हाला आलेल्या करारात जोखीम तुमची आहे आणि हक्क त्यांचे आहेत. असला व्यवहार दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या प्रकाशकानेही तिच्यापुढे ठेवला नव्हता.

उत्तर 4 (दोनदा ठेचकाळलेला)

मी अशा करारावर सही केली होती. गेलेल्या पैशांचे दुःख आता उरलेले नाही, पण नंतर जे घडले ते सांगणे भाग आहे. पुस्तक निघाल्यावर वर्षभरात मला निरनिराळ्या नावांनी फोन येऊ लागले. एकाला पुस्तकावर चित्रपट करायचा होता आणि त्यासाठी पटकथेचा खर्च हवा होता, दुसऱ्याला ते परदेशी ग्रंथमेळ्यात मांडायचे होते, तर तिसऱ्याने पुरस्कारासाठी नामांकन झाल्याचे कळवून प्रवेशशुल्क मागितले. माझ्या पुस्तकाची पाने, किंमत, मला आलेली निराशा हे सगळे त्यांना ठाऊक होते. पहिल्या संस्थेनेच माझे नाव पुढे दिले असावे, असा माझा तर्क आहे, पुरावा नाही. एकदा पैसे देणारा पुन्हा देतो, हे त्यांना ठाऊक असते, आणि मी दिले.

अमेरिकेत जानेवारी 2025 मध्ये अशाच एका प्रकरणी तिघांवर आरोप ठेवण्यात आले. नामांकित प्रकाशक आणि चित्रपटसंस्थांना तुमच्या पुस्तकात रस आहे असे सांगून 800 हून अधिक लेखकांकडून 4 कोटी 40 लाख डॉलरहून अधिक रक्कम उकळली, असा तो आरोप आहे. फसलेल्यांत वृद्ध लेखक बरेच होते. मोठ्या प्रकाशकाच्या नावाने पत्र आले, तर त्याच पत्राला उत्तर न देता त्या प्रकाशकाच्या मूळ संकेतस्थळावरील पत्त्यावर स्वतः विचारणा करा.

नवलेखिका

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. हक्क परत मिळण्याचे कलम घालावे आणि ‘निव्वळ उत्पन्ना’ची व्याख्या लिहून द्यावी, असे मी संस्थेला कळवले. त्याबरोबर कादंबरीतील कोणता भाग मंडळाला विशेष भावला, हेही विचारले. कलमांबद्दल ‘आमचा करार सर्वांसाठी सारखाच असतो’ एवढेच उत्तर आले. शेवटच्या प्रश्नाला मात्र सविस्तर उत्तर होते: नायकाचा परिस्थितीशी चाललेला संघर्ष मंडळाला अंतर्मुख करून गेला. माझ्या कादंबरीत नायक नाही. ती दोन बहिणींची गोष्ट आहे.

हस्तलिखित मागे घेत असल्याचे आणि त्याची प्रत त्यांनी नष्ट करावी असे पत्र मी आज सकाळी पाठवले. त्याची पोच अजून आलेली नाही. सहीची मुदत पंधरा दिवसांनी वाढवली असून माझ्या वाट्याच्या खर्चात 30% सवलत दिली आहे, अशी सूचना मात्र दुपारी आली.