मदत हवी आहे : बोटीची टाकी गळतेय, डेक न कापता बदलता येईल का?

ओली दोरी
जुनी बोट आहे, इंधनाची टाकी गळतेय. टाकी डेकखाली आणि वर फक्त ताटलीएवढं गोल झाकण. डेक न कापता टाकी निघते का? निघत नसेल तर कुठून आणि किती कापायचं? पंधरा दिवसांत बोट पाण्यात हवी आहे. ‘जाणकार माणूस बोलवा’ असं कृपया लिहू नका. दोघांना बोलावून झालं. एकाने फोन उचलणं सोडलं, दुसरा म्हणाला बोटच विका.

पाना पक्कड
पेट्रोल की डिझेल? टाकी ॲल्युमिनियमची, स्टीलची, प्लास्टिकची की फायबरची? बोट किती फुटी? इंजिन आत आहे की मागे टांगलेलं? गळतं म्हणजे थेंब, धार की नुसता वास? ताकाला आलाच आहात तर भांडं लपवू नका.

तांडेल
बाकी सगळं नंतर. पेट्रोल असेल तर बोटीतला एकही स्विच दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर उडून जात नाही, बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या पोकळीत, पाण्यासारखी साचते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी पेट घ्यायला पुरते. सगळी झाकणं उघडा, हवा खेळू द्या, वास गेल्यावर बॅटरी सोडवा. बिल्जचा पंप फ्लोटवर आपोआप चालणारा असेल तर तुम्ही घरी झोपलेले असताना तो स्विच दाबेल, हे लक्षात ठेवा.

निळी ताडपत्री
बोट पाण्याबाहेर आहेच तर तळाचा रंगही करून घ्या. जुना थर पूर्ण खरवडा, नुसता वरून हात मारू नका. मी गेल्या वेळी आळस केला आणि चार महिन्यांत पापुद्रे निघाले. फोटो हवे असतील तर टाकतो.

पाना पक्कड
आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

ओली दोरी
पेट्रोल, अर्थात. आउटबोर्ड आहे, ९० हॉर्सपॉवर. बोट १९ फुटी, फायबरची, १९८८ सालची. टाकी ॲल्युमिनियमची, साधारण १५० लिटरची, चारही बाजूंनी पिवळट फोम ओतलेला. बॅटरी आताच सोडवली. वास होताच, पण मला त्याची सवय झाली होती.
आता मूळ प्रश्न : डेक कापायचा का?

तांडेल
‘सवय झाली होती’ हे वाक्य वाचून हातातला चहा ठेवला.

वेल्डर४२
डेक कापायची गरज नाही. टाकी रिकामी करा, आत डिटर्जंटचं पाणी खळखळवून दोनदा धुवा, गोल झाकणातून हात जाईल तिथवर ॲल्युमिनियमचा तुकडा वेल्ड करा. मी अशा कितीतरी केल्या आहेत.

तांडेल
कोणीही हे करू नये, वरचा प्रतिसाद वाचून तर मुळीच नाही. पेट्रोल शिवणींच्या आणि आतल्या आडपट्ट्यांच्या सांध्यात मुरतं, धुतल्यावर वास येत नाही आणि ज्योत लावली की तापून परत वाफ होतं. टाकी बोटीतून बाहेर काढून, आतली हवा निष्क्रिय वायूने हटवून हे काम करणारे लोक वेगळे. डेकखाली हात घालून वेल्डिंग म्हणजे टाकी बॉम्बसारखी वापरणं.

वेल्डर४२
मी तीस वर्षं हेच करतोय, दहाही बोटं जागेवर आहेत.

तांडेल
ज्यांची नाहीत ते इथे टाइप करायला येत नाहीत.

भरती ओहोटी
भांडण चालू राहू द्या. ओली दोरी, एक सांगा : वास नेहमी येतो की टाकी गळ्यापर्यंत भरली कीच? अर्ध्या टाकीवर काय होतं?

ओली दोरी
भरली की जास्त. अर्ध्यावर कमी. हे महत्त्वाचं आहे का?

भरती ओहोटी
हेच महत्त्वाचं आहे! फक्त पूर्ण भरल्यावर गळत असेल तर टाकीचा तळ नव्हे, वरचं काहीतरी जबाबदार असतं. डेकवरच्या तोंडापासून टाकीपर्यंत येणारी जाड नळी, हवेची नळी, किंवा पेट्रोलच्या गेजला टाकीतली पातळी कळवणाऱ्या सेंडरखालचं गॅस्केट. १९८८ ची मूळ नळी असेल तर ती वाकवून बघा, भेगा दिसतील. डेक कापून नवी टाकी बसवली आणि जुनीच नळी लावली असे महाभाग मी पाहिले आहेत. (त्यातला एक मी.)

पाना पक्कड
सहमत. आणि नळी बदलताना बागेतली नको, ट्रॅक्टरचीही नको. बोटीच्या इंधनासाठीची आग सोसणारी नळी घ्या, तिच्यावर आयएसओ ७८४० किंवा एसएई जे१५२७ ए१ किंवा ए२ असं छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, ती नव्हे. जाड नळीला दोन्ही टोकांना दोन-दोन क्लॅम्प, स्टेनलेसचे. आणि डेकवरचं तोंड धातूचं असेल तर तिथून टाकीपर्यंत अर्थिंगची तार जाते, ती तुटलेली नाही ना बघा. भरताना घर्षणाने साचणारी वीज उतरायला तोच रस्ता.

ओली दोरी
नळी बघितली. अंगठ्याने दाबली तर वरचं रबर खडूसारखं हाताला लागलं, टाकीकडच्या क्लॅम्पपाशी नखाएवढी भेग आहे. सापडलं! भरती ओहोटी, दंडवत. डेक वाचला. वेल्डरसाहेब, तांडेल, आता भांडू नका.

डोलकाठी
धाग्याचा निकाल लागला वाटतं. अवांतर : पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर, जुन्या बोटीत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल चालतं का? कोणी म्हणतं चालतं, कोणी म्हणतं इंजिन खातं.

पाना पक्कड
इंजिनापेक्षा आधी टाकी आणि नळ्यांचं बघा. जुन्या पॉलिएस्टर फायबरच्या टाक्या इथेनॉलने मऊ पडतात, त्यातलं रेझिन विरघळून इंजिनात चिकट काळा लेप बसतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी मर्यादेपलीकडे गेलं की दोन्ही मिळून तळाशी वेगळा थर धरतात. इंजिनाची नळी नेमकी तिथूनच ओढते. बोट महिनोन्‌महिने उभी असते, त्यामुळे गाडीपेक्षा बोटीला हे जास्त बाधतं.

डोलकाठी
मग टाकी भरून ठेवावी की रिकामी?

(यावर ११ प्रतिसाद झाले, भरून आणि रिकामी असे दोन तट पडले. संपादकांनी ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत.)

ओली दोरी
सहा दिवसांनी परत आलोय. नळी बदलली, गॅस्केट बदललं, चाळीस लिटर पेट्रोल भरलं. वास आहेच. बिल्जमध्ये पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग. आता?

भरती ओहोटी
अरेरे. अर्ध्यावर ‘कमी’ म्हणालात तेव्हा ‘कमी’ म्हणजे ‘नाही’ असं मी वाचलं, चूक माझीही. दोन गळत्या होत्या. पेट्रोल काढा आणि टाकीला हवेचा दाब देऊन बघा.

शीड गुंडाळा
कॉम्प्रेसर लावा, पाच मिनिटांत कळेल.

पाना पक्कड
कॉम्प्रेसर अजिबात नाही!! दाब फक्त ३ पीएसआय (चौरस इंचाला ३ पौंड) लागतो. कमी वाटतो ना? हिशोब करा : टाकीचा वरचा पत्रा एक मीटर बाय अर्धा मीटर धरला तर त्या ३ पीएसआयने त्याच्यावर जवळजवळ एक टन जोर बसतो. कॉम्प्रेसरच्या एका ढेकरेत टाकी फुगून शिवणीवर फाटेल. सायकलचा हातपंप आणि कमी दाबाचा गेज. सगळी तोंडं बुचांनी बंद, सांध्यांना साबणाचं पाणी लावा, पाच मिनिटं काटा हलता कामा नये. सावलीत करा, उन्हाने टाकी तापली की दाब वाढतो आणि थंडावली की उतरतो, उगाच फसगत होते.

तांडेल
आणि पेट्रोल काढताना साधा विजेचा पंप नको. आउटबोर्डच्या नळीवरचा हाताने दाबायचा रबरी बल्ब पुरतो. डबे बोटीत ठेवून भरू नका, जमिनीवर ठेवा.

शीड गुंडाळा
चाळीस लिटरसाठी एवढा सोहळा? ओता कुठेतरी लांब.

तांडेल
कुठेही ओतायचं नाही. जुनं इंधन घेणारे लोक असतात, त्यांना द्यायचं.

ओली दोरी
३ पीएसआय दिला, दोन मिनिटांत एकवर. वरच्या एकाही सांध्याला फेस आला नाही. म्हणजे खालून. म्हणजे डेक. धन्यवाद, माझा दिवस नासवल्याबद्दल.

पाना पक्कड
आता मूळ प्रश्नाचं उत्तर. हो, कापावा लागेल. कापताना :
आधी टाकीची चौकट गोल झाकणातून हात घालून आणि वरून टकटक करून आखून घ्या. टाकीपेक्षा तीन-चार बोटं मोठा चौकोन, पण खालच्या आडव्या तुळयांवर येणार नाही असा. कोपरे काटकोनात नकोत, वाटीच्या काठासारखे गोल करा, नाहीतर त्याच टोकातून भेग पळते. करवतीचं पातं डेकच्या जाडीएवढंच बाहेर ठेवा, त्याखाली अर्ध्या बोटावर टाकी आहे. आणि टाकी रिकामी, उघडी, वाफ गेलेली असल्याशिवाय विजेचं हत्यार जवळ आणायचं नाही.
कापलेला तुकडा फेकू नका, तोच परत बसवायचा आहे.

भरती ओहोटी
परत फायबर चढवण्याऐवजी मी त्या तुकड्यालाच झाकण केलं, खाली पट्टी, वर स्क्रू आणि सीलंट. पुढच्या वेळी करवत लागणार नाही.

पाना पक्कड
आणि पाणी मुरेल. डेकला त्या तुकड्याचा ताण हवा असतो. काठ १२ ला १ अशा उताराने घासून फायबरचे थर चढवले की पूर्वीइतका मजबूत होतो.

भरती ओहोटी
नऊ वर्षं झाली, थेंब मुरलेला नाही. पण तुम्ही म्हणता तर मुरत असेल.

ओली दोरी
डेक उघडला. टाकी हलत नाही. फोमने धरून ठेवलीय. चौघांनी ओढली.

वेल्डर४२
ओढू नका. लांब पात्याची सुरी किंवा जुनी हातकरवत घेऊन चारही बाजूंनी फोम कापत जा, मग खालून लाकडी पाचर. वर तिकाटणं उभं करून चेनपुलीने ताण देऊन ठेवा आणि जेवायला जा. परत येईपर्यंत निम्मी सुटलेली असेल.

तांडेल
हे मात्र बरोबर सांगितलं.

ओली दोरी
निघाली!! जेवण नाही, एक झोप लागली. तळ पाहून थक्क झालो. वरचा पत्रा अगदी नवा, चकचकीत. खाली मागच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेत पांढरी भुकटी, ती खरवडली तर खाली टाचणीने टोचल्यासारखी भोकं, सात मोजली. त्याच कोपऱ्यातला फोम पिळला तर पाणी निघालं. आतून टाकी स्वच्छ आहे.

पाना पक्कड
नेहमीचीच कथा. ॲल्युमिनियमवर हवेने जो संरक्षक पापुद्रा धरतो, तो टिकायला पुन्हा पुन्हा हवा लागते. ओला फोम चिकटून बसला की हवा नाही, फक्त खारं पाणी, मग एकेका बिंदूतून पोखरत जातं. म्हणून नवी टाकी फोममध्ये पुरू नका. पत्रा ५०५२ किंवा ५०८३ जातीच्या ॲल्युमिनियमचा, जाडी ३ मिमी तरी. खाली पाणी न शोषणाऱ्या निओप्रीनच्या पट्ट्या टाकीलाच चिकटवून घ्या, सर्व बाजूंनी हवा खेळेल एवढी फट, आणि खाली साचलेलं पाणी बिल्जमध्ये वाहून जाईल असा उतार. पितळी जोडणी थेट ॲल्युमिनियममध्ये नको, मध्ये स्टेनलेस.

भरती ओहोटी
फोममध्ये पुरलेली टाकी पस्तीस वर्षं टिकली, एवढं तरी कबूल करा.

तांडेल
ओली दोरी, फोम सगळा उपटू नका. तो टाकी धरायलाच नव्हता, बोटीत पाणी भरलं तर तिला तरंगती ठेवायलाही होता. जेवढा काढाल तेवढा बंद पोकळ्यांचा कोरडा फोम बोटीत दुसरीकडे, शक्यतो कडांना, घालावा लागेल.

डोलकाठी
प्लास्टिकची टाकी घ्या की, गंजायची भानगडच नाही.

पाना पक्कड
चांगली असते, पण पेट्रोल भरल्यावर पॉलिइथिलीन फुगतं, साधारण दोन टक्के. मीटरभर लांबीला दोन सेंटिमीटर. मोजून गच्च बसेल अशी घेतली तर पहिल्याच भरण्यात डेकला टेकेल. जागा सोडायची असेल तरच.

ओली दोरी
ॲल्युमिनियमचीच करून घेतली, निओप्रीनसकट. बसवण्याआधी ३ पीएसआय, पाच मिनिटं, काटा हलला नाही. बोट पाण्यात उतरली, पंधराचे सत्तावीस दिवस झाले. वास नाही. पहिले दोन दिवस वास नाही म्हणून मी तीनदा बिल्जमध्ये नाक घालून आलो.
आता एकच : गेज. टाकी गळ्यापर्यंत भरली तरी काटा ‘रिकामी’पाशी, आणि मघाशी जवळजवळ रिकामी केली तर ‘पूर्ण’. वायरी उलट्या लागल्या का? झटपट सांगा, उद्या निघायचंय.

पाना पक्कड
जुना गेज ठेवून सेंडर नवा घेतला का?

ओली दोरी
हो. मग?

पाना पक्कड
मग म्हणजे काय विचारता! सेंडर पातळी विजेच्या रोधाने कळवतो. गेज अमेरिकी पद्धतीचा असणार, रिकामं २४० ओहम आणि पूर्ण ३३. सेंडर युरोपी आलाय, रिकामं १० आणि पूर्ण १८०. वायरी बरोबर आहेत. सेंडर बदला, पाच स्क्रू, गॅस्केट नवं लावा. उद्या जायचंच असेल तर लिटर मोजून भरा आणि काट्याकडे बघू नका.

निळी ताडपत्री
तळाच्या रंगाचं काय केलंत शेवटी?