लिंकनचं एक चरित्र वाचलं की झालं? मला नाही पटत

पानगळ
परवा एका वाचनगटात कुणीतरी लिहिलं: "लिंकनवर पंधरा हजार पुस्तकं आहेत, सगळ्या आरत्या. एक जाडजूड चरित्र वाचा, बाकीची रद्दीत घाला. गुलामांना मुक्त केलं वगैरे भाकडकथा. त्याला देश एकसंध ठेवायचा होता, तेवढंच. १८६२च्या पत्रात त्यानेच तसं लिहून ठेवलंय." खाली लोकांची "हेच म्हणतो"ची रांग. दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी आरत्यांचं. हर्न्डन हा लिंकनचा वकिलीतला भागीदार. खुनानंतर त्याने जुन्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना गाठून, पत्रं पाठवून आठवणी गोळा केल्या आणि १८८९मध्ये चरित्र काढलं. त्यात संसारातली भांडणं आहेत, लिंकनची उदासी आहे, श्रद्धेबद्दलच्या शंका आहेत. याला आरती म्हणायचं? वर्षभरात जॉन निकोले आणि जॉन हे या लिंकनच्या दोन सचिवांचे दहा खंड आले. ते मात्र सोवळे, कारण कागद दिले थोरल्या मुलाने, रॉबर्टने, आणि मजकूरही त्याच्या नजरेखालून गेला. पुढे रॉबर्टने ते कागद काँग्रेसच्या ग्रंथालयाला दिले, पण माझ्या मृत्यूनंतर २१ वर्षं उघडायचे नाहीत या अटीवर. ते उघडले २६ जुलै १९४७ला. म्हणजे कवी कार्ल सँडबर्गचे गाजलेले सहाच्या सहा खंड (१९२६ आणि १९३९) हा साठा न बघता लिहिलेले आहेत. मग "एक वाचा" म्हणजे नेमकं कोणतं?

आता ते पत्र. दक्षिणेची राज्यं फुटून निघालेली, यादवी युद्ध चालू, तेव्हा २२ ऑगस्ट १८६२ला संपादक ग्रीलीला लिहिलेलं. एकही गुलाम मुक्त न करता देश वाचत असेल तर तसं करीन, सगळे मुक्त करून वाचत असेल तर तसं करीन, असा मजकूर. पण त्याआधी महिनाभर, २२ जुलैला, लिंकनने मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळात वाचून दाखवला होता. परराष्ट्रमंत्री सेवर्ड म्हणाला, एखादा विजय मिळेपर्यंत थांबा, नाहीतर हरणाऱ्याची धडपड वाटेल. मसुदा टेबलाच्या खणात असताना लिहिलेलं पत्र आहे ते. सप्टेंबरात अँटिएटमच्या लढाईनंतर दक्षिणेच्या सैन्याला माघार घ्यावी लागली आणि लढाईपासून पाच दिवसांत प्राथमिक जाहीरनामा निघाला. शिवाय त्याच पत्राच्या शेवटी, सगळीकडची सगळी माणसं मुक्त असावीत ही माझी वैयक्तिक इच्छा आहे, असंही आहे. ते वाक्य कुणी कधी उद्धृत करत नाही.

सह्यकडा
पत्राची तारीख मान्य. बाकी नाही. १८ सप्टेंबर १८५८, इलिनॉयमधल्या चार्ल्सटनची सभा: गोऱ्या-काळ्यांच्या सामाजिक आणि राजकीय समतेच्या बाजूने मी नाही, कधीच नव्हतो, हे त्याने हजारो लोकांपुढे सांगितलं. १८६२च्या ऑगस्टमध्ये काळ्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून सुचवलं काय, तर तुम्ही दुसऱ्या देशात जाऊन वसा. १८६३मध्ये साडेचारशेच्या आसपास माणसं हैतीजवळच्या एका बेटावर पाठवली गेली, रोगराईने आणि उपासमारीने हाल झाले, उरलेल्यांना पुढच्या वर्षी जहाज पाठवून परत आणावं लागलं. लोकप्रिय चरित्रांत याला किती पानं मिळतात? काळा पत्रकार लेरोन बेनेटने २०००मध्ये अख्खं पुस्तक याच मुद्द्यावर लिहिलं की या माणसाला थोरवीकडे ढकलत न्यावं लागलं. तेव्हा बड्या अभ्यासकांनी त्याला एकांगी म्हणून बाजूला सारलं. आम्हाला त्या पुस्तकाने डोळे दिले.

आणि फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. लोकांना! एका अध्यक्षाला नाही. त्यांना तेव्हाच कळलं होतं ते आपल्याला अजून कळू नये?

पोटोमॅककाठी
वॉशिंग्टनला फोर्ड्स थिएटरसमोर, ज्या घरात लिंकनने प्राण सोडला त्याच्या शेजारी, लिंकनवरच्या पुस्तकांचा एक मनोरा रचलाय, सुमारे ३४ फुटी. मुलीला घेऊन गेलो होतो. तिने विचारलं, "बाबा, एका माणसाबद्दल एवढं काय लिहायचं?" मी वर बघत उभा राहिलो, उत्तर सुचलं नाही. त्या रात्री डोरिस गुडविनचं २००५चं पुस्तक हातात घेतलं. उमेदवारीत आपल्याला टक्कर दिलेल्या सेवर्ड, चेस, बेट्स यांनाच मंत्रिमंडळात घेणारा माणूस! माझ्या कचेरीतली भांडणं तेव्हा अगदी टोकाला गेली होती. त्या पुस्तकाने मला सावरलं. म्हणून म्हणतो, एकच वाचायचं असेल तर हे वाचा.

पानगळ
@पोटोमॅककाठी, तुम्हाला त्याने सावरलं याचा आनंद आहे. पण ते पुस्तक नेतृत्वाचं पाठ्यपुस्तक म्हणून वाचलं जातं आणि युद्ध राहतं मागे. चेस शेवटपर्यंत पाय ओढत होता, राजीनामे पुढे करत होता, १८६४मध्ये त्याला जावंच लागलं. पहिला युद्धमंत्री कॅमेरॉन तर वर्षही टिकला नाही.

@सह्यकडा, गुलामगिरीतून निसटून काळ्यांचा नेता झालेल्या फ्रेडरिक डग्लसचं १४ एप्रिल १८७६चं भाषण अख्खं वाचा. तो आधी सांगतो की लिंकन हा प्रथम गोऱ्यांचा अध्यक्ष होता. आणि पुढे सांगतो की निव्वळ गुलामगिरीविरोधाच्या बाजूने बघितलं तर तो थंड आणि मंद वाटतो, पण देशाच्या तेव्हाच्या मनाशी ताडून बघितलं तर वेगवान आणि ठाम होता. दोन्ही एकाच भाषणात! इतिहासकार एरिक फोनरने २०१०मध्ये हेच उलगडून दाखवलं, माणूस कसा बदलत गेला ते. ११ एप्रिल १८६५च्या शेवटच्या भाषणात तो काही काळ्यांना, विशेषतः सैनिकांना, मताधिकार द्यावा म्हणाला. बूथ त्या गर्दीत उभा होता. तीन दिवसांनी त्याने गोळी घातली.

कापूसकोंड्या
तुमची सगळी पुस्तकं वॉशिंग्टनात सुरू होतात आणि तिथेच संपतात. १८६१च्या एप्रिलमध्ये लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत दलाल प्रेमचंद रायचंदच्या नावावर लोक डोळे मिटून पैसे लावत होते, समुद्र बुजवायला निघालेल्या बॅकबे कंपनीच्या शेअरांसाठी झुंबड उडाली. १८६५ला युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. आमच्या घरात अजून सांगतात की चढ्या भावात कर्ज काढून घेतलेली जमीन सावकाराने ओढली. लिंकनच्या कुठल्या चरित्रात हे आहे? वारसा म्हणताना आमचा का धरत नाही? स्वेन बेकर्टच्या २०१४च्या कापसाच्या इतिहासात वऱ्हाड आहे, पण ते लिंकनचं पुस्तक नाही.

सह्यकडा
नाकेबंदीचा परिणाम खरा, पण प्रत्येक कर्जाचं खापर तिथे फोडू नका. १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा झाला, त्यालाही कापूसच कारण म्हणतात. त्या भागातलं मुख्य पीक ज्वारी-बाजरी. सारावाढ कुठे गेली?

कापूसकोंड्या
मी सुप्याचं नाव तरी काढलं का? मी वऱ्हाडाचं बोललो. विदर्भाचं बोललं की पुण्याचं उत्तर मिळतं, हे नेहमीचंच.

खडूफळा
चर्चा चांगली चाललीय, पण मराठी माणसाचा लिंकन चरित्रांतून आलेलाच नाही. तो आला मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेल्या पत्रातून. वसंत बापटांनी मराठीत आणलेलं ते पत्र आमच्या शाळेच्या व्हरांड्यात २२ वर्षं लावलेलं आहे. दर जूनला मी नवीन मुलांना वाचून दाखवते. मुलं गप्प होतात. एवढं काम तुमच्या दहा खंडांनी केलंय का?

पानगळ
बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण ते पत्र लिंकनचं नाही. रॉय बॅसलरने संपादित केलेले लिंकनच्या लेखनाचे आठ खंड १९५३मध्ये आले. चिठ्ठ्या, तारा, हुकूम, सगळं आहे. हे पत्र नाही. आणि कुठल्या मुलासाठी असणार? एडी चार वर्षांचा होण्याआधीच गेला. विली १८६२मध्ये व्हाइट हाउसमध्ये गेला. टॅड बापाच्या हयातीत शाळेत असा बसलाच नाही, घरी शिकवायला येणाऱ्यांनाही दाद देत नसे. आणि रॉबर्ट हार्वर्डला गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता.

खडूफळा
म्हणजे मी २२ वर्षं मुलांना खोटं शिकवलं? असं सरळ म्हणा. पत्र कुणाचं का असेना, त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. तुम्हाला फक्त लोकांच्या हातातलं काढून घ्यायचंय.

सह्यकडा
हीच तर आरती! माणसाने न लिहिलेलं पत्र भिंतीवर, आणि चार्ल्सटनचं भाषण कुठेच नाही. शिक्षकांनीच पुरावा बघायचा नाही तर कुणी बघायचा?

खडूफळा
आवाज खाली ठेवा. आमच्या शाळेतला एक मुलगा दहावीला दोन विषयांत नापास झाला. तीन दिवस घरातून बाहेर पडला नाही. त्याचे वडील रिक्षा चालवतात. त्यांनी शाळेत येऊन ते पत्र स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घेतलं, पाऊण तास उभे राहून. घरी जाऊन मुलाला वाचून दाखवलं. मुलगा ऑक्टोबरात पुन्हा बसला. तुम्ही त्या बापाला सांगाल, की हे लिंकनचं नाही?

पोटोमॅककाठी
बाईंशी सहमत. सगळं काय पुराव्याच्या काट्यावर तोलायचं? मिसेस बिक्स्बीला १८६४मध्ये पाठवलेलं पत्रही सचिव हेने लिहिलं असं बरेच अभ्यासक म्हणतात. पाच मुलगे गेले असं त्यात आहे, प्रत्यक्षात लढाईत गेले दोन. म्हणून ते पत्र खोटं ठरतं का?

सह्यकडा
आईच्या दुःखाला खोटं कोण म्हणेल? पण पाच का दोन हे विचारलंच पाहिजे. मेलेल्यांची मोजदाद चुकवायची नसते. त्या युद्धात सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या सैन्यात लढले. त्यांच्यातल्या एकाचं तरी पत्र आपल्या कुठल्या शाळेत लावलंय?

कापूसकोंड्या
हा मुद्दा मात्र मानावा लागेल. नाइलाजाने.

पानगळ
@खडूफळा, त्या वडिलांना मी काहीच सांगणार नाही. त्यांना ज्या शब्दांनी बळ दिलं ते मराठी शब्द बापटांचे आहेत, त्यांचं नाव मोठ्या अक्षरात हवं. माझी तक्रार लिंकनच्या सहीबद्दल आहे. आणि मी फक्त काढून घेत नाहीये, खरं पत्र देतेय.

२२ जुलै १८६०. लिंकन तेव्हा अध्यक्षपदाचा उमेदवार होता. रॉबर्टचा मित्र जॉर्ज लॅथम हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला. रॉबर्ट स्वतः आदल्या वर्षी तिथेच आपटला होता. लिंकनने त्या मुलाला पत्र लिहिलं. आशय असा: तू नापास झाल्याचं कळून मला झालं तेवढं दुःख क्वचितच झालं असेल, पण तू खचला नाहीस तर यात काही बिघडलेलं नाही. एकदा प्रयत्नाला हात घातलास, आता यश मिळवलंच पाहिजेस. 'पाहिजेच' या शब्दावर त्याने जोर दिलाय. नापास झालेल्या मुलाला लिहिलेलं, बॅसलरच्या खंडात छापलेलं. तुमच्या त्या विद्यार्थ्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. हे मला हर्न्डनमध्ये नाही मिळालं. एकच पुस्तक वाचून थांबले असते तर आज तुम्हाला काय दिलं असतं?

सह्यकडा
हे पत्र मला माहीत नव्हतं. चार्ल्सटनबद्दलचं माझं म्हणणं जसंच्या तसं आहे. पण हे माहीत नव्हतं.

खडूफळा
मला अजून राग आहे. विशेषतः "शिक्षकांनीच" या वाक्याचा. आमची चौकट मी काढणार नाही, खाली बापटांचं नाव रंगवून घेईन आणि लिंकनचं नाव पुसायचं का ते मुख्याध्यापकांशी बोलेन. लॅथमच्या पत्राचं मराठी कुणी केलंय का? नसेल तर पानगळ, तुम्ही करा. जून उजाडायच्या आत पाठवा, आणि अक्षर मोठं ठेवा, व्हरांड्यात उजेड कमी आहे.