स्कोलिओसिसच्या (पाठीचा कणा वाकडा असण्याच्या) ऑपरेशननंतर स्वादुपिंडाला सूज??

काळजीतली_आई: मुलीची पाठ मस्त सरळ झाली, पण नंतर पोटात दुखणं आणि हिरव्या उलट्या, आधी सगळे म्हणाले आतडी सुस्त आहेत, गॅस असेल, मग रक्तात लायपेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) भरपूर वाढलेलं निघालं. पाठीचा नि स्वादुपिंडाचा काय संबंध हो?

वॉर्डातली_नर्स: आहे ना ताई. स्वादुपिंड मणक्याच्या अगदी पुढ्यातच असतं, ऑपरेशन लांबलं, रक्त जास्त गेलं, बीपी उतरलं की त्याचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो, बारीक अंगाच्या मुलांना धोका जरा जास्तच. त्यात दुखण्याच्या औषधांनी पोटदुखी दबते मग कळतं उशिरा. लायपेज नॉर्मलच्या ३ पट किंवा जास्त आणि सोबत तशी पोटदुखी, तर निदान पक्कं.

भाच्याचा_मामा: आमच्याकडे पण झालेलं, सलाईनवर बरा झाला, पाठीत बसवलेल्या रॉडला हात लावावा लागला नाही

काळजीतली_आई: उपाशी किती ठेवतात? आधीच हाडं दिसतायत तिची

वॉर्डातली_नर्स: हल्ली उगाच ताणत नाहीत, उलट्या थांबल्या की हळूहळू खाणं, नाहीच जमलं तर नाकातून नळी. पण हिरव्या उलट्या थांबतच नसतील तर एसएमए सिंड्रोमचं विचारा, पाठ सरळ झाल्यावर लहान आतड्याची सुरुवात रक्तवाहिनीखाली दाबली जाते कधीकधी. ताप, धाप, लघवी कमी असं काही दिसलं तर राउंडची वाट बघू नका