वेळणेश्वरचं घर: एजंट कोणाचा? (शुक्रवारच्या आत कळवा)

प्रेषक: मंदार

मंडळी,
मी आणि रेवती अजून वेळणेश्वरातच आहोत, परतीचं विमान पुढच्या बुधवारी. मंडळाच्या पिकनिकला ज्या घराचे फोटो दाखवले होते तेच घर. काल आत जाऊन पाहिलं. जांभ्याच्या भिंती, कौलं मागच्या मे महिन्यात चाळलेली, पडवी, माजघर, मागे विहीर आणि नऊ गुंठ्यांची नारळ-सुपारीची वाडी. मालक 62 लाख म्हणतोय. घर पसंत आहे, घोडं अडलंय एजंटपाशी.

दाखवणारे गृहस्थ मालकाचे. दोन टक्के आमच्याकडून घेणार, दोन टक्के त्यांच्याकडून. मी म्हटलं, माझा वेगळा एजंट आणतो. तर म्हणाले, "खुशाल आणा, पण घर मी दाखवलंय, माझे दोन टक्के द्यावेच लागतील." म्हणजे मी दोघांचे मिळून चार टक्के भरायचे? शुक्रवारी एक लाख टोकन मागतायत, तेही रोख. गुहागर पट्ट्यात आपल्या बाजूचा एजंट धरून कोणी घर घेतलंय का? नाव-फोन मला वेगळ्या मेलवर पाठवा.

---

प्रेषक: शिरीष

मंदार, टोकन देऊ नकोस. आम्ही एडिसनचं घर घेतलं तेव्हा आमची एजंट फक्त आमची होती, म्हणून तर तिने गळकं छत पकडलं. इथे अमेरिकेत आता कायदाच झालाय, 17 ऑगस्ट 2024 पासून घर बघायला जाण्याआधी आपल्या एजंटशी लेखी करार करावा लागतो, त्याला किती द्यायचे ते आकड्यात लिहून. तू तिथेही तोच आग्रह धर. आपण नाही म्हणायला शिकलो नाही तर तिथली पद्धत कधीच बदलणार नाही.

---

प्रेषक: हेमंत

शिरीष, तो कायदा नाही. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या इथल्या एजंटांच्या संघटनेने मार्च 2024 मध्ये खटल्यात तडजोड केली, 41.8 कोटी डॉलर कबूल केले आणि त्या तडजोडीतून हा नियम आला. तोवर विकणाऱ्याचा एजंट आपल्या कमिशनमधून खरेदीदाराच्या एजंटला देऊ केलेला वाटा घरांच्या सामाईक यादीतच छापायचा. खटला त्यावरच होता. ज्याचे पैसे समोरच्याकडून येतात तो आपला कसा? तू ज्या बाईंना "फक्त आमची" म्हणतोयस त्यांचेही पैसे बहुधा विकणाऱ्याच्याच हातून गेले असतील. क्लोजिंगचा, म्हणजे खरेदी पूर्ण झाली तेव्हाच्या हिशेबाचा, कागद काढून बघ.

---

प्रेषक: शिरीष

हेमंत, कागद बघितला. तसंच आहे. पण छत तिनेच पकडलं.

---

प्रेषक: नीलिमा (सचिव)

सर्वांना विनंती, एजंटांची नावं मंडळाच्या या मेल-यादीवर टाकू नका. मंदारने वेगळ्या मेलवर मागितली आहेत, तशीच पाठवा. गेल्या गणपतीत प्लॉटवाल्यांचा स्टॉल लावू दिला आणि पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तीन कुटुंबांचे पैसे अजून अडकलेत आणि फोन मलाच येतात. नवीन समितीने हे ठरवून घेतलंय.

---

प्रेषक: वृंदा

नीलिमा, नावं टाकू नका हे मान्य. पण स्टॉल समितीने लावला होता, सभासदांनी नाही, आणि त्याबद्दल समितीने एकदा तरी यादीवर लिहायला हवं होतं. असो.

मंदार, आमचं काय झालं ते सांगते. हर्णैजवळचं घर होतं. एजंट अतिशय गोड बोलणारा, दर रविवारी फोन. इसार दिला. सातबारा आला तेव्हा त्यावर अकरा नावं. दहाजण सही करायला तयार, अकराव्या गिरगावात राहणाऱ्या आत्या. त्या म्हणाल्या, माझ्या वडिलांचं घर मी विकणार नाही. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. एजंटला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याला वाटलं, इसार पडला की आत्या नरमतील. पैसे परत मिळायला चौदा महिने लागले.

आणि विहिरीचं पाणी चाखून बघ. समुद्राजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. एजंट पाणी दाखवतात, प्यायला देत नाहीत.

---

प्रेषक: अभय

एजंटचा महारेरा (राज्याचं रिअल इस्टेट नियामक प्राधिकरण) नंबर मागा, विषय संपला. नोंदणी नसेल तर तो धंदा करूच शकत नाही. आणि मंदार, तुझ्या आईकडून तुझं नाव सातबाऱ्यावर लागलंय ना? मग तू शेतकरी खातेदार आहेस, वाडीची काळजी नको.

---

प्रेषक: मोहन (रत्नागिरी)

मंदार, उशीर झाला लिहायला, आंब्याच्या पेट्या भरत होतो.

आधी अभयचं. 2016 च्या रेरा कायद्यात एजंटला नोंदणी लागते ती नोंदणीकृत प्रकल्पातली घरं किंवा प्लॉट विकताना. जागा 500 चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर प्रकल्पाला नोंदणी लागत नाही. दापोलीकडच्या प्लॉटिंगवाल्यांना तो नंबर जरूर विचारावा. गावातलं एकटं जुनं घर त्यात बसत नाही, त्यामुळे मंदारच्या एजंटकडे नंबर नसेल तर तो चोर ठरत नाही.

वाडीची काळजी मात्र करायलाच हवी. शेतकरी असणं ही महाराष्ट्राच्या कुळकायद्याची अट. बिगरशेतकऱ्याला कलम 63 आडवं येतं, ते मंदारला येणार नाही. पण तो परदेशस्थ आहे. फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, परदेशस्थ भारतीयाला घर घेता येतं. शेतजमीन, मळा, फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने मिळालेली ठेवता येते. हे दोन वेगळे कायदे आहेत आणि एकात पास झालं म्हणून दुसऱ्यात होत नाही. तेव्हा पहिला प्रश्न हा की घर गावठाणात आहे का आणि त्या नऊ गुंठ्यांचा सातबारा वेगळा आहे का. त्यावर जिरायत किंवा बागायत लिहिलेलं असेल तर मंदार, ती वाडी तुझ्या नावावर होणार नाही. "भावाच्या नावावर घेऊ" असं एजंट म्हणेल. भावाच्या नावावर घेतली की ती भावाची.

आता एजंट. "माझा एजंट" ही गोष्ट इकडे अजून रुजलेली नाही, आणि त्याला कारण आहे. इथे घर विकायचंय ही बातमी कुठे छापून येत नाही. कोणाची आई गेली, कोण मुंबईहून परत येणार नाही, कोणा भावांचं पटत नाही, हे गावातल्या दोघा-तिघांना ठाऊक असतं आणि तेच त्यांचं भांडवल. एका व्यवहारात साखळीने तीन-तीन माणसं असतात, रिक्षावाल्यापासून. त्यामुळे ज्याने घर दाखवलं त्याचे दोन टक्के बुडवू नकोस. त्याने खरंच काम केलंय आणि तुला त्याच गावात राहायचंय. फक्त टोकनला दमडी देऊ नकोस, खरेदीखत नोंदलं त्या दिवशी दे. तसं आजच एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा.

तुझ्या बाजूचा माणूस वेगळा धरच, पण टक्क्यावर नको. 62 लाखांवर दोन टक्के म्हणजे एक लाख चोवीस हजार. भाव 58 वर आला तर त्याचे आठ हजार कमी होणार. मग तो कशाला तुझ्यासाठी घासाघीस करेल? दिवाणी काम करणारा स्थानिक वकील घे, ठरलेल्या फीवर, आणि व्यवहार मोडला तरी फी देईन हे आधी सांग. हे शेवटचं विसरू नकोस. ज्याला सौदा मोडल्यावरही पैसे मिळतात तोच तुला "घेऊ नका" म्हणू शकतो. तो मालकीच्या नोंदींचा 30 वर्षांचा सर्च काढेल, फेरफार वाचेल, सातबाऱ्याच्या इतर हक्कात कुळाचं नाव राहिलंय का बघेल, पेपरात जाहीर नोटीस देईल. मालकाचा वकील "आपण एकच करू, खर्च वाचेल" म्हणेल. वाचवू नकोस.

रोख तर अजिबात नाही. पैसे बँकेमार्फतच गेले पाहिजेत, परदेशातून थेट किंवा एनआरई, एनआरओ अशा परदेशस्थांच्या खात्यातून.

---

प्रेषक: अभय

मोहनकाका, फेमाचं मला खरंच माहीत नव्हतं. आम्ही देवरुखला 2019 मध्ये घेतलेलं तपासून घेतो. तुम्हाला फोन केला तर चालेल?

---

प्रेषक: मोहन (रत्नागिरी)

चालेल, रात्री आठनंतर. सातबारा समोर घेऊन बस.

---

प्रेषक: शिरीष

लेखी करारच करायचा ना शेवटी? मी तेच म्हणत होतो.

---

प्रेषक: रेवती

मंदार तलाठी कार्यालयात गेलाय म्हणून मी लिहिते. डिजिटल सहीचे सातबारे काल रात्री फोनवर काढले, 15 रुपयांना एक. घर गावठाणात आहे. वाडी वेगळ्या गटात आहे आणि शेतजमीनच आहे. एजंटना विचारलं तर म्हणाले, "ते बघू नंतर, आधी टोकन." त्यावर मंदार गप्प बसला. गेल्या चार दिवसांत तो पहिल्यांदा गप्प बसलेला मी पाहिला.

मालक तीन भाऊ आहेत, त्यातले एक मस्कतला. त्याने काही फरक पडतो का? आणि वरती एक खोली काढायची आमची इच्छा आहे, समुद्र दिसतो तिथून.

---

प्रेषक: मोहन (रत्नागिरी)

रेवती, मस्कतवाल्याने दोन फरक पडतात. त्यांचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत करून आलेलं हवं आणि इथे आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागलेला हवा. दुसरं, विकणारे परदेशस्थ असतील तर त्यांच्या वाट्यावरचा टीडीएस, म्हणजे आगाऊ कापायचा आयकर, तुम्ही कापायचा. 50 लाखांवरच्या घरांना सगळे सांगतात तो एक टक्का इथल्या दोघा भावांपुरता, मस्कतवाल्यांचा बराच जास्त असतो. सीएला विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नका, कापायचा राहिला तर आयकर खातं तुम्हालाच धरतं.

वरच्या खोलीचं भरतीरेषेपासूनच्या अंतरावर ठरेल. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांतल्या, ना-विकास पट्ट्यात असाल तर आहे त्या घराची दुरुस्ती होते, वाढवता येत नाही. हे ठरेपर्यंत 62 लाख या आकड्यावर बोलूच नका. वाडी आणि खोली दोन्ही गेल्यावर त्या घराचा भाव वेगळा आहे.

---

प्रेषक: वृंदा

आणि पाणी?

---

प्रेषक: मंदार

वृंदाताई, पाणी आम्ही दोघांनी प्यायलं. गोड आहे. शेजारच्या आजी म्हणाल्या, मे महिन्यातही असंच असतं, त्या स्वतः तिथूनच नेतात. म्हणजे त्यांची वहिवाट आहे. ती कागदावर कुठेच नाही, एजंटनेही सांगितली नव्हती. मी त्यांना म्हटलं, आम्ही घेतलं तरी तुम्ही नेत राहा. खरेदीखतात तसं लिहून घेणार आहे.

टोकन दिलं नाही. एजंटचे दोन टक्के खरेदीखताच्या दिवशी, असा कागद केला. सही करायला त्यांनी दोन दिवस लावले, पण केली. मालकाला सांगितलं, फक्त घराचा भाव सांगा, वाडी तुमच्याकडेच ठेवा आणि जायला वाट द्या. ते भावांशी बोलतायत. उद्या सकाळी चिपळूणला वकिलांकडे जातोय, फी ठरली आहे, मोडलं तरी देणार. मोहनकाका, पेट्या भरून झाल्या असतील तर दुपारी तिथे याल का? न्यायला गाडी पाठवतो.